गॅल्टीमोरवर सासऱ्यांसोबत: बर्फावरचे बूट कसे निवडू नयेत

डिसेंबर २०२०च्या मध्यात बातमी आली की नाताळच्या आसपास थोडे दिवस दुसऱ्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जायला परवानगी आहे. आमच्या डब्लिनमधल्या सँट्रीच्या दोन खोल्यांच्या घरात ही बातमी तीन जणांनी तीन प्रकारे ऐकली. माझी बायको केतकी म्हणाली, "चला, कुठेही चला, पण चला." माझे सासरे अण्णा म्हणाले, "हं." आणि मी लॅपटॉप उघडून स्नोशूजची एक्सेल शीट काढली. ती मी वर्षभर भरत होतो.

स्नोशूज म्हणजे काय, हे मला इतक्या वेळा सांगावं लागलंय की आता पाठ झालंय. आपल्या ट्रेकिंगच्या बुटाखाली पट्ट्यांनी बांधायची एक लांबट चौकट. माणसाचं वजन त्या मोठ्या चौकटीवर पसरतं आणि मऊ बर्फात पाय रुतत नाही. मी अण्णांना फोटो दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि केतकीला म्हणाले, "पाखडायची सुपं हायत ही."

केतकीला म्हणाले, मला नाही. इथेच थोडं थांबून सांगायला हवं.

अण्णा कराडच्या एका शाळेतून पीटीचे सर म्हणून निवृत्त झाले. फेब्रुवारीत ते सहा आठवड्यांसाठी एकटेच आले, कारण सासूबाई मोठ्या मेव्हणीच्या बाळंतपणात गुंतल्या होत्या. मग मार्चमध्ये जग बंद झालं. विमानतळ आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण उडायला विमान नाही. सहा आठवड्यांचे दहा महिने झाले. या दहा महिन्यांत अण्णा आणि मी एकमेकांशी थेट एक वाक्यही बोललो नव्हतो. भांडण वगैरे अजिबात नव्हतं. होता तो आदर. मीठ माझ्या समोर असलं तरी अण्णा म्हणायचे, "केतकी, मीठ मिळंल का विचार." मीही काही कमी नव्हतो. "केतकी, अण्णांना विचार, टीव्ही बंद केला तर चालेल का." अण्णा त्याच सोफ्यावर, माझ्यापासून दोन फुटांवर. केतकी आमच्या घरची पोस्टमास्तर झाली होती आणि पगार शून्य.

जून महिन्यात मी व्हॅक्युम क्लीनर निवडत होतो. चार महिने झाले होते, झाडू बरा चालला होता. एकदा ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर येत असताना मला अण्णांचा आवाज ऐकू आला. ते केतकीला सांगत होते, "जावई निवडत्यात लई छान. घेत मात्र काय न्हाईत. तुला बघायला आलते तवा बी तक्ता केलता का गं?" केतकी हसली. मी परत आत जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली. खरं सांगतो, ते मला लागलं. माणसाला आपल्या ज्या गुणाचा अभिमान असतो, नेमकी त्याचीच चेष्टा झाली की फार लागतं.

आता अण्णांना जानेवारीचं तिकीट मिळालं होतं. ते जायच्या आत मी निवडलेली निदान एक वस्तू त्यांच्या अंगावर नाहीतर पायात चढवायची, आणि त्यांच्या तोंडून "बरं निवडलंत" हे दोन शब्द ऐकायचे, असं मी ठरवलं. त्यात अण्णांनी आयुष्यात बर्फ पाहिला तो फक्त फ्रिजमध्ये. शिवाय दक्षिणेत टिपरेरीकडच्या गॅल्टी डोंगरांवर बर्फ पडल्याचं एका गिर्यारोहकांच्या ग्रुपवर दिसलं. असा योग पुन्हा आला नसता.

वाचकहो, तुम्हाला स्नोशूज घ्यायचे असतील तर माझा वर्षभराचा अभ्यास फुकट घ्या. सपाट मैदानावर चालायचे बूट वेगळे आणि डोंगरावरचे वेगळे. सपाटीवाल्यांना खाली दात जेमतेम असतात. चढावर ते घसरतात, आणि उतार आडवा कापायला गेलात तर जास्तच घसरतात. डोंगरवाल्यांच्या चौकटीच्या कडेला सगळीकडे करवतीसारखे दात असतात आणि चवड्याखाली वेगळी मोठी नखं. टाचेखाली एक तारेची पट्टी असते. खडा चढ आला की ती उभी करायची, म्हणजे टाच तिच्यावर टेकते आणि पोटऱ्या बोंबलत नाहीत. पट्ट्या अशा हव्यात की हातमोजे घालूनही बांधता आल्या पाहिजेत. आणि या सगळ्याच्या आधी लांबी. लांबी ठरते वजनावर. तुमचं वजन अधिक पाठीवरच्या बॅगेचं वजन. इथे चुकलात तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. हे वाक्य मी शीटमध्ये लाल रंगात लिहून ठेवलं होतं.

डब्लिनच्या एका दुकानात फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "स्नोशूज? इन आयर्लंड?" आणि हसू दाबायला त्याने फोन बहुधा छातीशी धरला. ऑनलाइन मागवले तर येणार जानेवारीच्या शेवटी. शेवटी जुन्या वस्तूंच्या एका साइटवर ॲथलोनजवळच्या डेक्लन नावाच्या माणसाची जाहिरात सापडली. बारा वर्षं कॅनडात सुतारकाम करून तो परत आला होता आणि त्याच्याकडे दोन जोड होते, दोन्ही डोंगरातले. मी त्याला नऊ प्रश्नांचा मेल पाठवला. त्याचं उत्तर एकाच ओळीचं होतं: गाडी घेऊन ये, बघ आणि ने.

पहिला दिवस: सँट्री ते केहर, ॲथलोनमार्गे

सकाळी नऊला निघालो. ॲथलोनपर्यंत मोटरवेने दीड तास लागतो, मध्ये एक टोलनाका आहे. सुट्टी नाणी ठेवा, नाहीतर मागच्या गाडीतले लोक आयरिश सभ्यतेने न ओरडता तुमच्याकडे बघत बसतात. केतकी गाडी चालवत होती, अण्णा तिच्या शेजारी आणि मी मागे. पुढची सीट जावयाला द्यायची की सासऱ्यांना, यावर खाली पार्किंगमध्ये सात मिनिटं गेली होती. शेवटी "अण्णांना सांग, मला मागे झोप येते" या निरोपावर प्रश्न मिटला.

डेक्लनचं घर गावाबाहेर होतं. अंगण, शेड, दोन कुत्री. तो मास्क लावून शेडच्या दारात उभा होता आणि आम्ही दोन मीटर लांब. त्याने भिंतीवरून दोन जोड काढले. एक लांब, एक आखूड. दात, नखे, टाचेची पट्टी सगळं जागच्या जागी. मी खाली बसून तपासू लागलो तेवढ्यात त्याने सहज विचारलं, "व्हॉट वेट आर ये, लॅड्स?"

आता माझी बाजू समजून घ्या. मार्चमध्ये माझं वजन ऐंशी होतं. त्यानंतर लोकांनी घरात बसून जे जे भाजलं ते ते मीही भाजलं, आणि एकट्याने संपवलं. अण्णा रोज सकाळी बाल्कनीत सूर्यनमस्कार घालायचे. नेमक्या त्याच वेळी मी काचेच्या अलीकडे टोस्टला लोणी लावत असायचो. आमची नजरानजर व्हायची. अण्णा कधी काही बोलले नाहीत, पण चाळीस वर्षं पोरांची पोटं आत घ्यायला लावलेल्या माणसाची ती नजर होती. ते माझ्या बाजूला उभे असताना मी खरा आकडा कसा सांगणार?

"सेव्हन्टी एट," मी म्हणालो.

केतकीने माझ्याकडे बघितलं. मी कुत्र्याकडे बघितलं.

आता अण्णांचं वजन. ते विचारायचं म्हणजे माझ्या अंगावर काटा आला. सासऱ्यांना कुणी वजन विचारतं का? "केतकी," मी म्हणालो, "अण्णांना विचार." केतकीने विचारलं. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांग बहात्तर."

केतकीने आता अण्णांकडे बघितलं. अण्णांनी दुसऱ्या कुत्र्याकडे.

मग बॅग कोण घेणार? मी हात पुढे केला, पण अण्णांनी निरोप धाडला, "जावयाच्या पाठीवर ओझं देऊन मी मोकळा चालू? लोक काय म्हणतील?" ॲथलोनमधले कुठले लोक, हा प्रश्न मी गिळला. बॅग दहा किलोची. म्हणजे अण्णा ब्याऐंशी, मी अठ्ठ्याहत्तर. आखूड जोडाची मर्यादा होती ऐंशी आणि लांब जोडाची शंभर. हिशोब सोपा होता. लांब अण्णांना, आखूड मला.

डेक्लनने माझ्याकडे बघितलं. मग काडीसारख्या अण्णांकडे. मग परत माझ्या पोटाकडे. "आर यू शुअर?"

"ग्रँड," मी म्हणालो. "इट्स ऑल ग्रँड."

तो खांदे उडवत केतकीला म्हणाला, "शुअर, युअर मॅन नोज हिज ओन वेट." दोन्ही जोडांचे मिळून त्याने शंभर युरो घेतले आणि एक काठीजोडी वरून दिली. ती घ्याच, चढावर काठीशिवाय स्नोशूज म्हणजे नुसती कसरत आहे.

ॲथलोनहून केहरला जायला बर, रॉसक्रे, थर्ल्स असा साधा रस्ता आहे, दोन तास. वाटेत एका पेट्रोलपंपावर थांबलो. मी चिकन रोल घेतला, अण्णांनी नुसता चहा. केतकीने विचारलं, "अण्णा, काहीतरी खा ना." ते म्हणाले, "पोट भरलंय." तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

केहर छोटं, नीटनेटकं गाव आहे. नदी, नदीत किल्ला, आणि किल्ला चक्क शाबूत, त्यामुळे अण्णांना तो फारसा खरा वाटला नाही. आम्ही एका घरगुती बी अँड बीमध्ये दोन खोल्या घेतल्या. दुपारी चार वाजता मी सगळ्यांना मागच्या हिरवळीवर नेऊन बुटांची रंगीत तालीम घेतली. हिरवळीवर बर्फाचा कणही नव्हता. आम्ही दोघं त्या चौकटी पायात घालून फतक फतक करत गोल फिरलो. अण्णा दोन फेऱ्यांनंतर नकळत "एक-दोन, एक-दोन" म्हणायला लागले आणि मीही पाय मिळवला. घराच्या मालकीणबाई खिडकी उघडून बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी केतकीला विचारलं, तुम्हाला कुणी हवामानाबद्दल काही वेगळं सांगितलंय का?

दुसरा दिवस: डोंगर

गॅल्टीमोर नऊशे मीटरच्या जरा वर आहे. आकडा ऐकून सह्याद्रीवाले नाक मुरडतील, पण इथे तुम्ही जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू करता आणि वारा अर्ध्यात येऊन तुमचं स्वागत करतो. केहरहून पंधरा-वीस मिनिटांवर ब्लॅक रोड नावाची जुनी वाट सुरू होते. गाड्या लावायला थोडी जागा आहे. लवकर पोहोचा. थर्मास, सुके मोजे, टॉर्च घ्या, आणि कुठे जाताय ते कुणालातरी सांगून ठेवा. आमच्यात ती कुणीतरी केतकी होती. जोड दोनच होते, त्यामुळे ती झाडी संपेपर्यंत बरोबर येऊन मग गाडीत जाऊन बसणार होती. तिच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसला, पण मी तो तिला बोलून दाखवला नाही.

झाडी संपली तिथे केतकी मागे फिरली, उघडी जमीन सुरू झाली आणि बर्फ नाही. म्हणजे होता, पण फाटक्या गोधडीसारखा. दहा पावलं बर्फ, वीस पावलं हेदरची झुडपं, मग काळी दलदल, मग दगड. शीटमध्ये मी "वैविध्यपूर्ण भूभाग" असा एक कॉलम केला होता, तो इथे अर्ध्या किलोमीटरमध्ये पुरा झाला. बूट घातले, काढले, घातले, काढले. चौथ्या वेळी शहाणपण आलं: बर्फ सलग दिसेपर्यंत स्नोशूज पाठीवरच ठेवायचे. नुसत्या दगडावर चाललात तर दात बोथट होतात आणि तुम्ही हास्यास्पद दिसता. केतकी खाली गाडीत, तरी आम्ही तिच्यामार्फतच, फोनवरून बोलत होतो. अण्णा मला फोनवरून तिच्यातर्फे सांगत होते, "त्यांना म्हणावं, डावीकडनं या, उजवीकडं पाणी हाय." मी तीन पावलांवर होतो आणि ते ऐकूही येत होतं, पण रीत ती रीत. तिच्याकडून पुन्हा ऐकून मी डावीकडे वळायचो.

साधारण पाचशे मीटरच्या पुढे बर्फ सलग झाला आणि चढही खरा सुरू झाला. वाऱ्याने एका दगडी कुंपणाच्या आडोशाला ढीग लावला होता, मऊ, ताजा. हाच तो क्षण. आम्ही स्नोशूज चढवले. अण्णांनी पहिलं पाऊल टाकलं आणि ते वर राहिले. दुसरं टाकलं, वर. ते जणू देवघरात चालल्यासारखे निघाले. मी पहिलं पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. दुसरं टाकलं, तोही गुडघा आत. मी उभा होतो की बसलो होतो, हे बाहेरून सांगता आलं नसतं.

तेवढ्यात खालून एक आयरिश माणूस आला. हाफ पँट. साधे बूट. बरोबर एक छोटं कुत्रं. त्याने आमच्यापासून बरोबर दोन मीटर अंतर ठेवून वळसा घातला, म्हणाला, "हाऊज द क्रॅक, लॅड्स?" म्हणजे काय चाललंय, आणि कुंपणाच्या दुसऱ्या बाजूने, जिथे बर्फ घोट्याइतकाच होता, तिथून निघून गेला. कुत्रं मात्र आमच्याच बाजूने, बर्फाच्या वरच्या वर पळत गेलं. त्याचं वजन कमी होतं.

अण्णांनी फोन लावला. "केतकी, त्यांना विचार, पट्टी नीट बांधलीया का." मीही फोन काढून तिला लावला, लागला नाही, कारण ती अण्णांशी बोलत होती. मग अण्णांनी फोन स्पीकरवर टाकून बर्फात माझ्या दिशेने धरला.

"केतकी," मी म्हणालो, "अण्णांना सांग, पट्टी नीट आहे."

"मी बंद करतेय," फोनमधून केतकी म्हणाली. "दहा महिने. दहा महिने मी मीठ इकडून तिकडे केलंय. तुम्ही दोघं एका डोंगरावर, पाच फुटांवर उभे आहात. काय ते एकमेकांशी बोला. खाली आल्यावरच फोन चालू करणार." आणि तिने खरंच बंद केला.

वारा तेवढा वाजत होता. मी आता मांडीपर्यंत बर्फात. अण्णा वर, सुपांवर, पाठीवर माझी बॅग घेऊन. मला त्या क्षणी एकदम रडू आल्यासारखं झालं, आणि त्याचं कारण थंडी नव्हतं. वर्षभर अभ्यास करून, हा माणूस जायच्या आत त्याला दाखवायला म्हणून मी ज्या एकमेव वस्तूवर पैज लावली होती, ती वस्तू मलाच गिळत होती. आणि का, ते मला बरोबर ठाऊक होतं. लाल रंगात लिहिलं होतं.

"अण्णा," मी म्हणालो. स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. "माझं वजन अठ्ठ्याहत्तर नाही."

"ते दिसतंय," अण्णा म्हणाले.

"एक्क्याण्णव आहे."

अण्णांनी हातमोज्याने मिशीवरचा बर्फ पुसला. मग म्हणाले, "माझं बी बहात्तर न्हाई. एकसष्ट हाय."

"मग बहात्तर कशाला सांगितलंत?"

"आलो तवा बहात्तर हुतो. जावयाच्या घरात राहून म्हातारा अकरा किलो वाळला असं सगळ्यांसमोर सांगायचं? तुमाला काय वाटलं असतं?"

"पण तुम्ही वाळलात का? जेवत नव्हतात?"

अण्णा अवघडले. शाळेत गृहपाठ न करता आलेल्या पोरासारखे ते पायाखाली बघायला लागले. "ते तुमचं रातचं. ते बारीक बारीक गोल. किनवा का काय. मला न्हाई जात ते."

किन्वा. मार्चमध्ये मी अकरा धान्यांची तुलना करून घरासाठी निवडलेलं सर्वोत्तम धान्य. तेव्हापासून आठवड्यातून पाच रात्री.

"अण्णा, एकदा तरी बोलायचं ना."

"केतकीला म्हणलो हुतो. ती म्हणली, त्यांनी निवडलाय. म्हणलं, मग असू दे." मग त्यांनीच विचारलं, "आनी तुमी का खोटं बोलला?"

"तुम्ही पीटीचे सर ना."

अण्णा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग त्यांना काठीवर रेलावं लागलं. मला ते हसू माहीतच नव्हतं. दहा महिने एका घरात राहून मी त्यांचे वरचे दात पहिल्यांदा पाहिले. मीही हसायला लागलो आणि त्या नादात आणखी चार इंच खाली गेलो.

मग आम्ही बूट बदलले. उतारावर, वाऱ्यात, मऊ बर्फात हे काम सोपं नाही. एकमेकांच्या खांद्याचा आधार घ्यावा लागतो, आणि जावई-सासऱ्यांनी तो पहिल्यांदाच घेतला. बॅग मी मागितली. अण्णा म्हणाले, "जावयाच्या पाठीवर..." आणि आजूबाजूला बघितलं. मैलभर माणूस नव्हता. त्यांनी बॅग काढून दिली.

पण आता माझ्यातला शीटवाला जागा झाला. एक्क्याण्णव अधिक दहा, एकशे एक. लांब जोडाची मर्यादा शंभर. मी हे अण्णांना सांगितलं. वाटलं, आता ते हात जोडतील. त्यांनी उलट गंभीरपणे विचार केला. "बॅगेत काय हाय?"

"थर्मास, कपडे, दोरी, आणि केतकीने दिलेली थालीपिठं. डबा दीड किलोचा असेल."

"मग ती खाऊ."

"मी खाल्ली तर वजन माझ्यातच राहणार."

"म्हंजे मी खायची," अण्णा म्हणाले. "माझी मर्यादा ऐंशी हाय. माझ्याकडं जागा लई."

गॅल्टीमोरच्या उतारावर, कुंपणाच्या आडोशाला, मी माझ्या सासऱ्यांना वाढलं. शेंगदाण्याची चटणी, लोणी, थालीपीठ. त्यांनी सहा खाल्ली. प्रत्येकाच्या वेळी मी म्हणत होतो, अजून अडीचशे ग्रॅम, अण्णा, आणि ते म्हणत होते, आन. डबा रिकामा झाला तेव्हा मी आकडेमोड करून जाहीर केलं की आता आपण दोघंही नियमात आहोत. अण्णांनी ढेकर दिला.

त्यानंतरचा अर्धा तास मी विसरणार नाही. खडा चढ, टाचेची पट्टी उभी केलेली, दात कच कच धरत होते, आणि पाय वर राहत होता. आडव्या उतारावरही घसरलो नाही. अण्णा पुढे, मी मागे. वाऱ्याने बोलता येत नव्हतं, तरी ते मध्येच मागे वळून सरळ मला ओरडून सांगायचे, "हितनं या, हितं कडक हाय." दोन डोंगरांमधल्या खिंडीपाशी आलो तेव्हा माथ्यावर ढग उतरला आणि पुढची वाट दिसेनाशी झाली. इथे कड्याच्या बाजूला सरळ तुटलेला उतार आहे, ढगात पुढे जाऊ नका. आम्हीही गेलो नाही. अण्णा म्हणाले, "शिखर काय पळून जात न्हाई," आणि आम्ही मागे फिरलो.

उतरताना मी न राहवून विचारलंच. "अण्णा, कसे वाटले बूट?"

"सुपं चांगली हायत," ते म्हणाले.

मी थांबलो. आता ते दोन शब्द येतील.

"पर ती डेक्लननं निवडल्याली," अण्णा म्हणाले. "तुमी निवडल्याली उलटी हुती."

घरी

दुसऱ्या दिवशी परत आलो. एकूण खर्च बुटांसकट पेट्रोल, टोल आणि दोन खोल्या धरून साडेतीनशे युरोच्या आत बसला. जाणार असाल तर एवढंच सांगतो: आयर्लंडमध्ये स्नोशूज लागतील असे दिवस वर्षाला दोन-तीन, तेही उंचावर आणि आडोशाला. विकत घेऊ नका, कुणाकडून आणा. घेतलेच तर दात पूर्ण कडेला हवेत, टाचेची पट्टी हवीच. आणि तुमचं वजन खरं सांगा. कुणीही शेजारी उभं असलं तरी खरं सांगा.

घरात रोज रात्री भात सुरू झाला. अण्णा जायच्या दिवशी चौसष्ट किलोवर होते, हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. नवा लॉकडाउन लागला होता, विमानतळावर आत जाता आलं नाही. दारातच मी वाकलो, त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि "पोट आत" म्हणाले. बर्फाची मजा आली, एवढ्यावर मी समाधान मानलं. जे ऐकायचं होतं ते ऐकायला मिळालं नाही याची रुखरुख होती, ती मी केतकीलाही सांगितली नाही. स्नोशूज हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांमागे गेले.

फेब्रुवारीत एका शनिवारी सकाळी माझा फोन वाजला. अण्णांचं नाव. सवयीने मी तो तसाच उचलून केतकीपुढे धरला. तिने मान हलवली. "तुझ्या फोनवर आलाय ना? तूच घे."

"जावईबापू," अण्णा म्हणाले. "घरच्या टाकीला पाण्याची मोटर बसवायची हाय. जुनी जळाली. दुकानदार चार प्रकारच्या दाखवतोय, मला काय कळंना झालंय. म्हटलं, तुमी बघून ठरवा. तुमी म्हणाल ती घेतो."

मी खुर्चीत बसलो. विचारलं, टाकी किती लिटरची, विहीर किती खोल, पाइप किती इंची, मजले किती. त्यांनी सगळं वहीत लिहून ठेवलं होतं, एकेक वाचून दाखवलं.

"अण्णा, मला जरा वेळ लागेल," मी म्हणालो. "नीट बघायला तीन आठवडे तरी."

"घ्या की," अण्णा म्हणाले. "तवर मी बादलीनं भरतो."